काचेच्या पेटीत कावेरीचा काठ

घरी मासे पाळण्याची हौस आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. म्हैसूरसारख्या निवांत नगरातही अनेक दिवाणखान्यांत एखाद्या कोपऱ्यात दिव्याने उजळलेली काचपेटी दिसते. तिच्याजवळ जाऊन निरखून पाहावे, तर तळाशी निळे-गुलाबी खडे, मध्यभागी चिनी मातीचा किल्ला, आणि दोन्ही बाजूंना कधीही न वाढणारी प्लॅस्टिकची झाडे असा थाट आढळतो. एवढ्या सगळ्या सामग्रीत जिवंत असे फक्त मासेच, आणि तेही पुष्कळदा फार दिवस टिकत नाहीत. पंधरा दिवसांनी एखादा मासा निपचित तरंगताना दिसतो, मुले हिरमुसतात, नवा मासा आणला जातो, तोही त्याच वाटेने जातो. अखेर काचपेटी माळ्यावर चढते आणि ‘मासे आपल्याला लाभत नाहीत’ असा निष्कर्ष घरात कायमचा होऊन बसतो.

वाचकहो, यात लाभण्या-न लाभण्याचा काही प्रश्न नाही. अशी पेटी पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठी सजवलेली असते; तिच्यात राहणाऱ्याचा विचार झालेला नसतो. दगड, वाळू, लाकूड, वाळलेली पाने आणि वाढत्या वनस्पती यांनी तीच पेटी सजवली, तर शोभा आणि आरोग्य या दोन निराळ्या गोष्टी उरत नाहीत. पेटीला रूप देणारी वस्तूच तेथील पाणीही निर्मळ राखते. हे कसे घडते आणि आपल्या घरी ते कसे साधावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

लंडनमधील एक जुना प्रयोग

काचेच्या पेटीत जलसृष्टी नांदवण्याचा विचार तसा फार जुना नाही. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनमधील एका रसायनशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सुमारे १२ गॅलन पाणी मावेल अशा पात्रात त्याने वाळू, चिखल व दगड घातले, व्हॅलिस्नेरिया नावाची लांब, फितीसारख्या पानांची जलवनस्पती लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. माशांच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेईल आणि उजेडात माशांना प्राणवायू देईल, ही त्याची कल्पना. आरंभी सारे नीट चालले. परंतु काही काळाने जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्याने तळ्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळे फस्त केले आणि पाणी पुन्हा नितळ झाले.

प्राणी, वनस्पती आणि कुजके पदार्थ साफ करणारे जीव अशी ही तिघांची भागीदारी आहे. यातला एक भागीदार गैरहजर असला की त्याचे काम मालकाला करावे लागते. प्लॅस्टिकच्या झाडांनी सजवलेल्या पेटीत नेमके हेच होते. व्हॅलिस्नेरिया काही परदेशी नवल नव्हे. आपल्याकडच्या तळ्यांत आणि संथ नद्यांतही ती वाढते. आणि १२ गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर, म्हणजे आज मध्यमवर्गीय घरात सहज मावेल एवढीच ती पेटी होती.

नमुना घ्यावा तो नदीचा

पेटी सजवण्यापूर्वी एकदा नदीकाठी जाऊन यावे. म्हैसूरकरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. श्रीरंगपट्टणचे बेट जेमतेम पंधरा किलोमीटरांवर आहे आणि त्याला दोन्ही अंगांनी कावेरीने वेढले आहे. जवळच रंगनतिट्टू येथे पाण्यातून डोके वर काढणारे खडक आणि झाडीने भरलेली लहान लहान बेटे आहेत. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या सांगण्यावरून १९४० मध्ये तेथे पक्ष्यांसाठी अभयारण्य करण्यात आले आणि २०२२ मध्ये त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाली. लोक पक्षी पाहण्यासाठी जातात. काचपेटीच्या हौशी माणसाने क्षणभर पाण्याकडेही पाहावे.

तेथे काय दिसते? पाण्याने गोलावलेले मोठे दगड एकमेकांना टेकून बसलेले असतात आणि त्यांच्या पायाशी लहान दगड, मग खडी, मग वाळू असा उतरता क्रम असतो. एकाच आकाराचे दगड सरळ रांगेत कोठेच नसतात. मुळे आणि फांद्या काठाकडून पाण्यात शिरतात. पाण्यातून काठाकडे वाढलेल्या दिसत नाहीत. वनस्पतींचे झुबके दाट असतात, पण त्यांच्यामध्ये मोकळे पाणी असते. सावलीही असते आणि कवडसेही. दगडाच्या आडोशाला लहान मासे थबकलेले असतात. चाहूल लागताच ते झुबक्यात शिरतात आणि भीती ओसरली की पुन्हा मोकळ्यावर येतात.

या शेवटच्या गोष्टीत सजावटीचे मर्म आहे. लपायला जागा असलेला मासा निर्धास्तपणे समोर येतो. लपायला जागा नसलेला सतत धास्तावलेला राहतो, रंग टाकतो आणि आजारी पडतो. ज्यांना मासे नीट दिसावेत म्हणून पेटी उघडी-बोडकी ठेवावीशी वाटते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

जपानमधील छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी काचपेटीतील निसर्गरचनेला कलेचा दर्जा मिळवून दिला. त्यांच्या पद्धतीत दगड बहुधा विषम संख्येत, तीन किंवा पाच, मांडतात. त्यांतला एक स्पष्टपणे मोठा असतो व बाकीचे त्याच्या अनुरोधाने झुकलेले असतात. मुख्य दगड पेटीच्या ऐन मध्यावर न ठेवता लांबीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास ठेवतात. हा नियम जपानी खरा, पण तो शिकवला आहे नदीनेच.

पेटी, जागा आणि पाणी

नवख्या माणसाने फार लहान पेटी घेऊ नये. थोड्या पाण्यात घाण लवकर साचते आणि उष्णतामानही झपाट्याने बदलते. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३५ उंच अशी पेटी आरंभाला उत्तम. तिच्यात वाळू-दगड घालून व वर थोडी जागा सोडून सुमारे ५० लिटर पाणी राहते. काच, वाळू, दगड आणि पाणी मिळून वजन ८० किलोंच्या पुढे जाते. म्हणून ती डुगडुगत्या टेबलावर किंवा दिखाऊ फळीवर ठेवू नये. खाली थर्मोकोलचा पातळ तक्ता घालावा, म्हणजे भार सर्वत्र सारखा पडतो. भरलेली पेटी कधीही उचलू नये.

खिडकीतून थेट ऊन येते तेथे पेटी ठेवू नये. वनस्पतींना ऊन बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण थोड्या पाण्यावर ऊन पडले की शेवाळे माजते आणि पाणी हिरवे होते. वनस्पतींसाठी वर एक एलईडी दिवा लावावा आणि तो रोज सात-आठ तास ठराविक वेळी चालू ठेवावा.

म्हैसूर शहराला नळाने कावेरी आणि कबिनी या नद्यांचे पाणी मिळते. नदीचे पाणी कूपनलिकेच्या पाण्यापेक्षा सामान्यतः मऊ असते आणि बहुतेक जलवनस्पतींना ते मानवते. मात्र नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. ते माशांच्या कल्ल्यांना अपाय करते आणि पुढे ज्यांची ओळख करून द्यावयाची आहे त्या उपयुक्त जीवाणूंनाही मारते. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवले की क्लोरीन बहुतांशी उडून जाते. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रव्य वापरावे.

दगड, वाळू, लाकूड आणि पाने

पेटीत घालावयाचा दगड पाण्यात विरघळणारा नसावा. म्हैसूरच्या परिसरातला ग्रॅनाइट या दृष्टीने निर्धोक आहे. चामुंडी टेकडीवरचा नंदी सतराव्या शतकात एकाच शिळेतून कोरला गेला आणि इतक्या पावसाळ्यांनंतरही त्याच्या गळ्यातल्या माळांचे कोरीव काम स्पष्ट दिसते, यावरून इथल्या दगडाचा चिवटपणा कळावा. महाराष्ट्रातल्या वाचकांना आपला काळा बेसाल्टही चालेल. चुनखडी, संगमरवर, शिंपले व पोवळी मात्र टाळावी. ती हळूहळू विरघळून पाणी जड करतात. शंका आल्यास दगडावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे उठले, तर तो दगड बागेत ठेवावा.

वाळूचे कण एक ते तीन मिलिमीटरांचे असावेत. फार बारीक वाळू घट्ट बसते व मुळांना हवा मिळत नाही. फार जाड खडीत अन्नाचे कण अडकून कुजतात. वर सांगितलेल्या पेटीला सुमारे १४ किलो वाळू लागते. ती बादलीत घेऊन, वरचे पाणी नितळ निघेपर्यंत, दहा-बारा वेळा धुवावी. मग मागच्या बाजूला सात-आठ आणि पुढे तीन-चार सेंटिमीटर जाडीचा थर होईल अशी उतरती पसरावी. या उतारामुळे पेटी आहे त्याहून खोल भासते. मोठे दगड मात्र वाळूच्या आधी काचेच्या तळावर थर्मोकोलचा तुकडा ठेवून बसवावेत. वाळूवर ठेवलेला दगड वाळू सरकली की कलंडतो.

लाकूड पूर्ण वाळलेले, कठीण आणि चीक नसलेले असावे. ओली फांदी कुजते. लाकूड प्रथम उकळावे, मग आठ-पंधरा दिवस बादलीत दगडाखाली दाबून ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. मुरलेले लाकूड आपोआप बुडते. तरीही पेटीतले पाणी काही दिवस चहासारखे दिसेल. ते लाकडातल्या टॅनिनमुळे. त्याने अपाय होत नाही.

आणखी एक फुकटची पण मोलाची वस्तू म्हणजे देशी बदामाचे वाळून गळलेले पान. रस्त्यांच्या कडेला ही झाडे जागोजागी असतात. जेथे कीटकनाशक फवारलेले नाही अशा जागचे तपकिरी पान धुऊन पाण्यात टाकावे. एवढ्या पेटीला एक पान पुरे. तेही पाण्यात टॅनिन सोडते, त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म जीव वाढतात आणि लहान मासे त्यांना टिपत राहतात. दक्षिणेत घरोघरी असणारी नारळाची करवंटी आतून-बाहेरून खरवडून, उकळून, एका बाजूने फोडली की माशांसाठी सुरेख गुहा होते. चिनी मातीच्या किल्ल्यापेक्षा ती कितीतरी शोभून दिसते.

वनस्पती: पेटीचे खरे धनी

शाळेत असताना आपल्यापैकी अनेकांनी हायड्रिलाचा प्रयोग पाहिला असेल. पाण्यातल्या फांद्यांवर काचेचे नरसाळे, त्यावर पालथी परीक्षानळी, आणि उन्हात ठेवताच वर चढणारे प्राणवायूचे बुडबुडे! आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी प्रकाशसंश्लेषणावरील संशोधनासाठी हीच वनस्पती वापरली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेतला तोच देखावा सकाळी दिवा लागल्यावर थोड्या वेळाने आपल्या पेटीतही दिसतो.

मात्र वनस्पतींचे याहून मोठे काम डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया सुटतो. तो विषारी आहे. वाढत्या वनस्पती त्याचा खत म्हणून उपयोग करतात. म्हणजे माशाला जे विष, ते वनस्पतीला अन्न.

आरंभासाठी सोशीक वनस्पती निवडाव्यात. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरियाचे पडदे शोभतात. तिची मुळे वाळूत जावीत, पण पाने जेथून फुटतात तो गड्डा वाळूच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर तो कुजतो. सेराटोफिलमला मुळे नसतात. ती नुसती तरंगती सोडली तरी झपाट्याने वाढते व नव्या पेटीतला अमोनिया सर्वांत लवकर शोषते. मध्यभागी ब्राह्मी लावावी. होय, आजीच्या औषधांतली तीच ब्राह्मी! दलदलीत वाढणारी ही वनस्पती पूर्ण पाण्याखालीही तग धरते आणि तिची लहान, मांसल पाने फार देखणी दिसतात. सावलीच्या जागी क्रिप्टोकोरीन घ्यावी. तिच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्याच ओढ्यांत व नद्यांत वाढतात. लाल पानांसाठी जगभर नावाजलेली रोटाला मॅक्रान्ड्रा हीही मूळची आपल्याकडचीच. पण तिला उजेड व निगा अधिक लागते, म्हणून तिचा मोह दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावा.

दुकानातून आणलेल्या जुडीभोवतीची शिशाची पट्टी व रबर प्रथम काढावे. कुजकी पाने खुडावीत, मुळे दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापावीत आणि लांब चिमट्याने एकेक रोप वेगळे लावावे. गठ्ठाच्या गठ्ठा खुपसू नये. पेटी अर्धी भरलेली असताना लावणी करणे सोपे जाते. उरलेले पाणी बशीवर धार धरून सावकाश ओतावे, म्हणजे वाळू उखडत नाही.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अनेक रोपांची, विशेषतः क्रिप्टोकोरीनची, पाने विरघळल्यासारखी गळून पडतात. पुष्कळजण घाबरून रोप उपटून टाकतात. तसे करू नये. नव्या पाण्याशी जुळवून घेताना ती जुनी पाने टाकते. मुळे शाबूत असतील तर नवी पाने येतात. आणि एक इशारा: बागेतले शेणखत किंवा युरिया पेटीत घालू नये. त्याने अमोनिया वाढून मासे दगावतात.

महिनाभराचा धीर

आता ज्या चुकीमुळे बहुतेक पेट्या माळ्यावर जातात तिच्याकडे वळू. पेटी सजली, पाणी नितळ दिसले की त्याच संध्याकाळी मासे आणण्याची घाई होते. परंतु नितळ पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे.

नदीच्या प्रत्येक दगडावर व वाळूच्या कणावर सूक्ष्म जीवाणूंचा थर असतो. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी आहे. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून वनस्पतींना उपयोगी पडते. नव्या पेटीत हे जीवाणू जवळजवळ नसतात आणि त्यांची पुरेशी वाढ होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी आठ-दहा मासे सोडणे म्हणजे धुराने भरलेल्या खोलीत पाहुण्यांना बसवणे होय. पंधरा दिवसांत मरणारे मासे बहुधा या अदृश्य विषानेच मरतात.

म्हणून वनस्पती लावल्यानंतर महिनाभर मासे आणू नयेत. एक दिवसाआड माशांच्या अन्नाची लहानशी चिमूट टाकावी; ती कुजून जीवाणूंना अमोनिया मिळतो. परिचितांची जुनी, निरोगी पेटी असल्यास तिच्यातली मूठभर वाळू विरजण म्हणून आणावी. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे साधे संच मिळतात. अन्न टाकत असतानाही दोन्हींचे माप शून्य येऊ लागले की पेटी तयार झाली असे समजावे. मुलांना हा काळ कठीण जातो खरा. त्यांच्याकडे एक वही द्यावी आणि कोणत्या दिवशी कोणते नवे पान आले याची नोंद ठेवायला सांगावी. मासे येण्यापूर्वीच पेटीवर त्यांचा जीव जडेल.

आपल्या मातीतला पाहुणा

कोणते मासे आणावेत? म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच आहे. तेथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारठा असतो आणि उष्ण प्रदेशातल्या नाजूक माशांसाठी पाणी तापवण्याचे साधन लागते. आपल्याच देशातला झेब्रा मासा मात्र हा गारवा सहज सोसतो. चार-पाच सेंटिमीटरांचा हा चपळ मासा भाताच्या शेतांत आणि संथ ओढ्यांत राहतो. अंगावर निळ्या-रुपेरी पट्ट्या असतात. थव्याने राहणे त्याला आवडते. ५० लिटरच्या पेटीत आठ ते दहा मासे योग्य. याच लहानशा माशावर आज जगभरच्या प्रयोगशाळांत शरीराची वाढ व रोग यांचे संशोधन चालते.

या माशाची शास्त्रीय ओळख करून देणाऱ्या गृहस्थाचा म्हैसूरशी जवळचा संबंध आहे. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १८०० ते १८०१ या काळात फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या वैद्याने म्हैसूर राज्याचा गावोगाव प्रवास करून शेती, झाडे, व्यवसाय आणि लोकजीवन यांची तपशीलवार नोंद केली. पुढे तोच बंगालच्या सेवेत असताना गंगेच्या खोऱ्यातील माशांकडे वळला आणि हॅमिल्टन हे आडनाव धारण केल्यावर १८२२ मध्ये त्याने लिहिलेल्या ग्रंथात झेब्रा माशाचे वर्णन प्रथम आले.

मासे एकदम न सोडता प्रथम चार आणावेत आणि दोन आठवड्यांनी उरलेले. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवून मग थोडे थोडे पाणी मिसळावे. वर झाकण अवश्य असावे, कारण हा मासा उडी मारतो. दोन-तीन गोगलगायी असल्या तर वॉरिंग्टनची तिघांची भागीदारी पुरी होते.

निगा थोडी, पण नेमाची

दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे. घरातल्या प्रत्येकाने प्रेमाने चिमूटभर टाकले, तर त्या प्रेमानेच मासे मरतील. म्हणून हे काम एकाकडेच असावे. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी तुळशीला आणि गच्चीवरच्या कुंड्यांना घालावे. त्यांना ते खतासारखे लागू पडते. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा, म्हणजे त्यावरचे जीवाणू वाचतात.

रात्री वनस्पती प्राणवायू देत नाहीत. माशांप्रमाणे त्याही तो घेतात. त्यामुळे दाट लावलेल्या पेटीत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसले, तर हवेचा लहान पंप रात्रभर चालू ठेवावा आणि काही झुबके छाटून कमी करावेत. काचेवर शेवाळे चढले, तर दिवा तासभर कमी जाळावा व अन्न निम्मे करावे. औषधाची बाटली आणण्याआधी हे दोन उपाय करून पाहावेत.

नदीकडून काय घ्यावे, नदीला काय देऊ नये

शेवटी एका जबाबदारीकडे वाचकांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. नदीचा नमुना घरी आणावा. नदी उपसून आणू नये. एकाने मूठभर वाळू घेतली तर काय बिघडते, असे वाटेल; पण वाळूउपशाने आपल्या नद्यांची काय दशा केली आहे हे आपण पाहतोच. वाळू, दगड आणि रोपे दुकानातून किंवा रोपवाटिकेतून घ्यावीत. साताऱ्याच्या कास पठारावर पावसाच्या उथळ डबक्यांत वायतुरा नावाची नाजूक जलवनस्पती फुलते. सह्याद्रीच्या थोड्याशा टापूखेरीज ती जगात कोठेही नाही. अशी रोपे हौसेपोटी उपटली जाऊ लागली, तर पुढच्या पिढीला त्यांची चित्रेच पाहावी लागतील. ‘मिस केरळ’ या नावाने विकला जाणारा, लाल पट्ट्याचा देखणा मासाही सह्याद्रीच्या प्रवाहांतलाच. २०१३ मध्ये संशोधकांनी त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असे नाव दिले. परदेशांतील काचपेट्यांसाठी तो एवढा पकडला गेला की आज त्याची गणना धोक्यात आलेल्या माशांत होते. असा मासा घेण्याचा मोह झाल्यास तो नदीतून धरलेला आहे की पैदास केलेला, हे विक्रेत्याला आधी विचारावे.

याच्या उलट, पेटीतले काहीही तळ्यात सोडू नये. कंटाळा आला किंवा मासा फार मोठा झाला की त्याला ‘मोकळे’ करावे, ही भावना दयेची असली तरी परिणाम घातक होतो. दक्षिण अमेरिकेतून काचपेट्यांसाठी आणलेला, काचेला चिकटून शेवाळे खाणारा चिलखती मासा अशाच तऱ्हेने दक्षिण भारतातील अनेक जलाशयांत पोहोचला आहे. तो काठात बिळे करतो, जाळी फाडतो आणि स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी होतो. निळसर फुलांची जलपर्णी शोभेसाठी म्हणून जगभर फिरली. तिने आपली किती तळी झाकून टाकली हे सांगायला नको. आपली हायड्रिलाही निरपराध नाही. १९५० च्या दशकात काचपेट्यांच्या व्यापारातून ती श्रीलंकेहून अमेरिकेतील फ्लोरिडात गेली आणि तेथील सरोवरांत माजून राहिली. जी आपल्याकडे शाळेतली गुणी वनस्पती, ती तेथे उपद्रवी तण ठरली. दोष वनस्पतीचा नाही; तिला तिच्या जागेवरून उचलून भलत्या पाण्यात टाकणाऱ्या हाताचा आहे.

म्हैसूरच्या कारंजी किंवा कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी, आणि आपापल्या गावच्या तळ्यावर प्रेम करणाऱ्या सर्वच वाचकांनी, एवढा नियम पाळावा. छाटलेल्या वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच खताच्या खड्ड्यात टाकाव्यात. जास्त झालेले मासे दुसऱ्या हौशी कुटुंबाला किंवा दुकानदाराला द्यावेत. आणि एखादा मासा आणण्यापूर्वीच तो वाढून केवढा होतो, हे विचारून घ्यावे.

एवढी काळजी घेतली, तर तीन-चार महिन्यांत पेटीचे रूप पालटते. दगडांच्या कडा मऊ हिरव्या होतात, व्हॅलिस्नेरियाच्या फिती पृष्ठभागावर वळून पसरतात, ब्राह्मीला नवे धुमारे फुटतात आणि झेब्रा मासे त्यांच्यामधून शिवणापाणी खेळू लागतात. मुलांना त्या पेटीसमोर बसवावे आणि एखादे जुने पान कोठे गेले, असे विचारावे. पान कुजले, गोगलगायीने खाल्ले, उरले ते जीवाणूंनी पचवले आणि त्यातूनच शेजारी नवे पान आले, हे त्यांनी स्वतः शोधून सांगितले, म्हणजे पेटीचे काम झाले. पुढच्या वेळी नदीच्या पुलावरून जाताना तीच मुले खाली पाण्याकडे निराळ्या नजरेने पाहतील.